गोधडी ‘टाकाऊ’त कशी गेली? एका शब्दजोडीची पार्श्वभूमी

गणपतीत मखर, दिवाळीत आकाशकंदील आणि शाळेचं प्रदर्शन आलं की रिकाम्या बाटल्या. कमी पैशांत घर सजवण्याच्या असल्या सगळ्या खटपटीवर आपल्याकडे एकच शिक्का बसतो, ‘टाकाऊतून टिकाऊ’. शिक्का इतका सवयीचा झालाय की हल्ली गोधडीवरही तोच मारतात. गोधडीच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

सुती नऊवारी लुगडं आधी नेसून जुनं व्हायचं. मधला भाग विरला की तेवढा कापून दोन धड टोकं एकमेकांना जोडायची, याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी काही महिने अंगावर. मग त्यातलं मऊ झालेलं कापड बाळाच्या दुपट्याला, लंगोटांना. उरलेलं गोधडीच्या पोटात, वर त्यातल्या त्यात बऱ्या रंगाचं लुगडं, आणि सगळ्याला धावदोरा. कोल्हापूर-सांगलीकडे हीच वाकळ. वाकळ फाटली की तिच्यावरच आणखी एक थर चढायचा, म्हणून जुन्या वाकळी उचलता उचलत नाहीत. शेवटी निघालेली चिंधी चुलीच्या पोतेऱ्याला. या प्रवासात कापड ‘टाकाऊ’ झालं असा मुक्काम कुठे लागतच नाही. जे घराबाहेर जायचं त्याचीही बोहारणीशी घासाघीस व्हायची. चार साड्या आणि एका पँटवर एक पातेलं, आणि ती पँट हातात उलटीपालटी करून बोहारीण नाक मुरडणार हे ठरलेलं.

थोडक्यात, जुन्या घरात काटकसर भरपूर होती, कचरा फारसा नव्हता. सारवलेली जमीन, भिंतीवरचा गेरू आणि चुना, दारातली रांगोळी ही सजावट जिथल्या तिथे मिळणाऱ्या वस्तूंचीच होती.

घरात ‘टाकाऊ’ आलं ते वेष्टनाबरोबर. आपण विकत घेतलं तूप किंवा रॉकेल, डबा नुसता सोबत आला. डालडा बाजारात आला १९३७ साली. त्याचा पिवळा, ताडाचं झाड छापलेला डबा पुढे कितीतरी गॅलऱ्यांमध्ये तुळशीची कुंडी झाला, आणि कान तुटल्यावर टमरेल. रॉकेलचा चौकोनी डबा मधोमध लाकडी दांडा ठोकून पाण्याला. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे पत्र्याच्या ट्रंकेवर चादर घातली की बैठक आणि दोरीवर साडी टाकली की दुसरी खोली. त्याला कोणी कल्पकता म्हणत नव्हतं. जागाच तेवढी होती.

मग इंजेक्शनच्या बाटल्या आल्या, कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्या आल्या, मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके, कॅसेटची कव्हरं. टाकवत नाही आणि वापरता येत नाही अशी ही जमात. ‘यांचं काहीतरी करता येईल’ हा विचार खरा इथून सुरू होतो, आणि त्याला शाळेने रीतसर तासिका दिली.

ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण घोळ इथेच झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफण्याची कल्पना पुढे आली. चरखा, विणकाम, शेती. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही अपेक्षाही त्यात होती. मुलांना मजुरीला लावणार का, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पुढे १९६४ ते ६६ च्या केंद्रीय शिक्षण आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला, १९७७ च्या एका समितीने त्याचं ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ केलं. नावं भारदस्त. वर्गात मात्र आठवड्याच्या एकदोन तासिका, साठ मुलं, ना हत्यारं ना कच्चा माल ना विकणारं कोणी. मग बाई दुसरं काय सांगणार? ‘उद्या येताना घरून काहीतरी रिकामं घेऊन या.’

माझ्या मते ‘टाकाऊतून टिकाऊ’ घरोघर पोचलं ते या एका वाक्यामुळे. उत्पादक कामाच्या जागी प्रदर्शनाची वस्तू आली. ती रात्री अकरा वाजता आईने पुरी केलेली असायची आणि गुण मुलाला मिळायचे. शब्दजोडीतले दोन्ही शब्द इथेच ढिले झाले. वस्तू टाकाऊ असायलाच हवी म्हणून चांगल्या बाटल्या रिकाम्या करून दिल्या जायच्या. आणि ‘टिकाऊ’ची मुदत प्रदर्शन उठेपर्यंत.

रुखवतानेही हेच केलं. रुखवत म्हणजे मुळात वधूपक्षाकडून जाणारी खाण्याची ताटं : लाडू, करंज्या, सांडगे, पापड. हळूहळू त्या टेबलावर न खाण्याच्या वस्तू वाढल्या आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत तर त्यांनी लाडवांना कोपऱ्यात ढकललं. सुपारीचे भटजी, काडेपेटीतल्या काड्यांचं घर, इंजेक्शनच्या बाटल्यांचं झुंबर, मण्यांचं तोरण, आणि या सगळ्यांवर राज्य करणारी साबणाची परडी. ती करायची रीत अशी : अंघोळीचा कोरा साबण घ्यायचा, वरच्या आणि खालच्या कडेला ओळीने टाचण्या टोचायच्या, सॅटिनची रिबीन या टाचणीवरून त्या टाचणीवर तिरकी फिरवत न्यायची, वर तारेची कडी, आत कापडी फुलं. आता यात टाकाऊ काय होतं? साबण नवा, रिबीन नवी, टाचण्यांची पेटी नवी. टिकाऊ म्हणावं तर दोन उन्हाळ्यांत साबणाला भेगा जायच्या आणि टाचण्या गंजायच्या. तरी शोकेसमध्ये तिची जागा पक्की असे, आणि त्या साबणाने अंघोळ करायची कोणाची टाप नव्हती.

याच काळात एक गोष्ट शिक्क्याला खरोखर जागणारी होती, ती म्हणजे रद्दीच्या लगद्याची टोपली. आमच्याकडे कागद तीनचार दिवस भिजत पडायचा आणि घरभर आंबूस वास. मग तो भिजवलेल्या मेथीबरोबर पाट्यावर वाटायचा. मेथीने लगदा चिकट होतो आणि तिच्या कडूपणाला कीड बिचकते. पालथ्या पातेल्यावर तो बोटभर जाडीचा थापायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा, सोडवून घ्यायचा आणि वरून रंग. धान्य, लसूण, वाळवणं काहीही ठेवा. पण ही टोपली रुखवतात क्वचितच दिसे. ती दिसायला गरीब होती.

डिंकाचाही इतिहास आहे. पिठाच्या खळीत मोरचूद घालून कागद चिकटवणाऱ्या घरात १९५९ नंतर फेविकॉल शिरला. पुठ्ठ्याला लाकूड, लाकडाला काच, काहीही कशालाही चिकटू लागलं. पुढच्या निम्म्या शोभेच्या वस्तू त्याच्याच जोरावर उभ्या होत्या.

थर्माकोलची कथा वेगळी आणि कटू. हे नाव मुळात व्यापारी, पुढे त्या पदार्थाचंच होऊन बसलं. तापलेल्या तारेने लोण्यासारखा कापला जातो, वजन नाही, किंमत नाही, वर चमकी टाकली की महाल तयार. घोटीव कागद आणि पताकांची मखरं काही वर्षांत मागे पडली. २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदीची अधिसूचना काढली आणि जूनअखेर अंमल सुरू झाला. तेव्हा मखरं करणाऱ्यांचा माल तयार होता. गणपती १३ सप्टेंबरला. निदान या वर्षी सवलत द्या म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं, जुलैत नकार मिळाला. निर्णय योग्य होता असंच मी म्हणेन. विसर्जनानंतरची चौपाटी ज्याने पाहिली आहे तो दुसरं काही म्हणणार नाही. फक्त फ्रिज आणि टीव्हीच्या खोक्यांतून थर्माकोल घरात येत राहिला आणि त्याचं छोटं देऊळ करणाऱ्या मुलाला आपण गुन्हा करतोय असं वाटू लागलं, हेही खरं. बाजार मात्र लगेच सावरला. घडीच्या पुठ्ठ्याची, बांबूची, कापडाची मखरं आली, ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावून, आणि थर्माकोलच्या मानाने महाग.

त्यानंतर मोबाइलवरच्या व्हिडिओंनी हा सगळा खेळ जगभरच्या नमुन्यांना जोडला. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर बाटल्या रंगल्या. आईस्क्रीमच्या काड्या आता स्टेशनरीच्या दुकानात जुडीने कोऱ्या मिळतात, त्यांना आईस्क्रीम कधी लागलेलंच नसतं. सुतळी, ग्लू गन, रिकाम्या बरण्या, सगळं विकत.

गोधड्याही पुन्हा मागणीत आहेत. शिवून देणाऱ्या बायकांकडे लोक आईच्या, आजीच्या साड्या घेऊन जातात. त्यांतल्या पुष्कळशा पॉलिएस्टरच्या निघतात. त्या सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत आणि कितीही धुतल्या तरी मऊ पडत नाहीत. पोटात भरायला जुनं, विरलेलं सुती लुगडं लागतं, आणि घरात तेवढं एकच उरलेलं नाही.