वाकलेल्या सीटच्या आतलं लोखंड

आमच्या १९९८ सालच्या मारुती ८००मध्ये ड्रायव्हरच्या सीटची पाठ डावीकडून मागे कलली होती. नाशिकरोडहून नाशिकमधल्याच द्वारका चौकापर्यंत जाईस्तोवर कंबर धरायची. कारण रोजच्या सवयीतलं. मागे बसलेला माणूस उतरताना पुढच्या सीटची पाठ ओढूनच उठतो. अनेक जुन्या छोट्या गाड्यांत पाठ पुढे-मागे करायचा खटका फक्त दाराच्या बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला नुसती बिजागरी. एक बाजू घट्ट, एक मोकळी. प्रत्येक ओढीला फ्रेम पिळवटते.

एका गॅरेजात पाईप घालून ती ओढून सरळ करून दिली. पंधरा दिवसांत पुन्हा तशीच.

याचं उत्तर पोलादाच्या पोटात आहे. साध्या माईल्ड स्टीलची एक मीटर तार ताणली, तर साधारण सव्वा मिलिमीटरपर्यंत ती सोडल्यावर मूळ लांबीवर येते. त्यापुढे गेली की कायमची वाढते. तेव्हा आत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण अख्खा थर एकदम नाही. लग्नाच्या हॉलमधली लांबलचक सतरंजी ओढून हलत नाही. एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सहज सरकते. धातूतही अशाच सुरकुत्या धावतात. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली.

वाकवताना या सुरकुत्या वाढतात, एकमेकींत अडकतात आणि ती जागा कडक होते. घरी करून बघा: जाड बाइंडिंग वायर दुमडून सरळ करा. मूळ बाक पूर्ण जात नाही, त्याच्या दोन्ही अंगांना नवे खांदे उठतात. कडक जागा हटत नाही, शेजारची मऊ जागा वाकते.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. म्युनिकच्या योहान बाउशिंगर यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलं, की एका दिशेने कायमचा वाकवलेला धातू उलट दिशेने कमी जोरात नमतो. आमची फ्रेम पुढे ओढून सरळ केली होती आणि पाठीचा भार पडत होता मागे. म्हणजे दुरुस्तीनेच ती त्या दिशेला हळवी झाली होती.

शेवटी सातपूर एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॅटरीची वायर काढली, सीट बाहेर घेतली, कव्हर आणि फोम उतरवला. फोमजवळ गॅसची ज्योत नेणं जिवावरचं काम आहे. तो जळाला की विषारी धूर होतो. मग सुतळीने कोनाकोनी मापं घेतली. दोन्ही कर्ण सारखे भरले नाहीत की फ्रेम वाकडी झालेली.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची पुढची तपासणी. वेल्डजवळचा रंग खरवडून तिथे रॉकेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरवली. दोन मिनिटांत पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूने वर ओढून घेतलं होतं.

"भाऊ, ही वाकलेली नाही, फाटलीय," ते म्हणाले. "नुसती ओढून काय उपयोग?"

बाकाजवळ पाईप चपटाही झाला होता. पोकळ गोल पाईपची ताकद त्याच्या गोलाईत असते. चपटा झाला की त्याच बाजूला तो पुन्हा बसतो. मिस्त्रींनी तेवढा तुकडा कापला, आत घट्ट बसणारी नळी सरकवली, तेवढ्याच जाडीचा नवा पाईप जोडला आणि वेल्ड मारले. खटका आणि खालचे रेल मात्र त्यांनी ठोकून सरळ करायला नकार दिला. अपघातात सीटवरचा धक्का तिथे येतो, ते बदलायचेच. नव्या गाड्यांच्या सीटलाही ते हात लावत नाहीत: तिथलं जास्त ताकदीचं पोलाद तापवलं की मऊ पडतं, आणि काही सीटच्या कुशीत एअरबॅग असते.

कर्ण आता सारखे भरतात. मागे बसणाऱ्यांना मी दारावरचं हँडल धरून उतरायला सांगतो.