जुन्या आउटबोर्डला पेट्रोल कोणतं?

कोकण किनाऱ्यावर छोट्या होड्यांच्या मागे अजूनही जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीनं दिसतात. त्यांचे मालक पंपावर हमखास एक प्रश्न विचारतात: साधं भरू की प्रीमियम? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, पाणी किती आणि ते किती दिवसांचं आहे, हे आधी विचारायला हवं.

साधं की प्रीमियम, हा मुख्यतः ऑक्टेनचा प्रश्न; तो आधी उरकून टाकू. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, मग प्लगची ठिणगी पडते. ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच आपोआप पेटलं, तर पिस्टनवर ठोके बसतात. हे कितपत टळेल ते ऑक्टेन आकडा सांगतो. पेट्रोलची ‘ताकद’ त्यातून कळत नाही. जुन्या आउटबोर्डमध्ये दाब मुळातच कमी असतो, त्यामुळे 100 ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरून वेग वाढत नाही. अमेरिकन मशीनच्या पुस्तिकेत ‘87 ऑक्टेन’ लिहिलेलं असतं, पण तिथला आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो. आपल्या मोजणीत तो साधारण 91 भरतो, म्हणजे साधं पेट्रोल त्याला पुरतं.

आता इथेनॉल. भारतात 2022 मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल सरासरी 10 टक्क्यांवर गेलं. फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि 2025 पर्यंत ते देशभर नेहमीचं झालं. त्यामुळे ऊस उत्पादकाला बाजार मिळतो, तेलाची आयात घटते. त्याला माझा विरोध नाही. पण जुनी मशीनं हे इंधन गृहीत धरून बनवलेलीच नाहीत.

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो. 20 टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. नव्या गाड्यांमध्ये सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरचा (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) जेट मात्र ठरावीक भोकाचा असतो. त्यातून तेवढंच इंधन येतं, हवा तुलनेनं जास्त होते आणि मशीन तापतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाला पेट्रोलबरोबर आत गेलेलं ऑइलच असतं, म्हणून हे तापणं हलक्यानं घेऊ नये. जेट एक नंबर मोठा लागेल का, हे जाणत्या मेकॅनिककडून प्लगचा रंग बघून ठरवून घ्यावं.

खरा धोका पाण्याचा आहे. शुद्ध पेट्रोल पाण्याला जवळपास सामावून घेतच नाही. आत शिरलेलं पाणी तळाशी वेगळं बसतं आणि फिल्टरमध्ये दिसतं. इथेनॉलला पाणी आणि पेट्रोल दोन्ही जवळचे. 10 टक्के इथेनॉलचं लिटरभर पेट्रोल 15 अंश सेल्सिअसला साधारण 5 मिलिलिटर पाणी न दिसता पोटात ठेवतं. 20 टक्क्यांचं त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली, किंवा तापमान उतरलं, की इथेनॉल पाण्याला धरून पेट्रोलपासून सुटतं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी जातात. पाणी खारं असेल तर हे आणखी लवकर होतं. टाकीतली नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच, आणि ऑइल राहिलेलं असतं वरच्या पेट्रोलच्या थरात. म्हणजे मशीनला मिळतं ते ऑइलविना पाणी-इथेनॉल. एक तर मशीन बंद पडतं, किंवा आतले भाग कोरडे घासले जातात. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घटतं, त्यामुळे ते हलवून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही.

हवेतली आर्द्रता शोषून टाकीत पाणी भरतं असं सर्रास सांगतात. ते घडतं, पण फार सावकाश. बहुतेक पाणी येतं झाकणाच्या खराब वॉशरमधून, उडालेल्या लाटेतून आणि अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आत साचणाऱ्या दवातून. होडी उभी असताना झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद ठेवा, हा साधा उपाय बरंच वाचवतो.

इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या, मशीनमधल्या इंधन-पंपाचे पडदे आणि कॉर्कची पॅकिंगं फुगवतं किंवा ठिसूळ करतं. अमेरिकेत 2004 मध्ये न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये पेट्रोलमधल्या एका जुन्या रसायनाची जागा इथेनॉलनं घेतली, तेव्हा जुन्या बोटींच्या फायबरग्लासच्या टाक्यांमधलं रेझिन विरघळून इंजिनात गेलं. तिथे 15 टक्के इथेनॉलचं पेट्रोल बोटींना वापरायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे निदान मच्छीमार बंदरांवरच्या पंपांवर तरी बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर पंपावर थेट विचारा. प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचं, असं धरू नका. शंका असेल तर 100 मिलिलिटरच्या मोजनळीत 10 मिलिलिटर पाणी घ्या, 100 पर्यंत पेट्रोल भरा, बूच लावून हलवा आणि ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर 10 वरच राहिला तर पेट्रोल शुद्ध, विशीच्या पुढे गेला तर 20 टक्क्यांचं मिश्रण. हे उघड्यावर, विस्तवापासून दूर करा. मिश्रणाचंच पेट्रोल घ्यावं लागलं तर नळ्या आणि पडदे इथेनॉल चालणारे बसवा, आणि दोन आठवड्यांत संपेल एवढंच भरा. ऑइल ‘टीसी-डब्ल्यू3’ दर्जाचं, पाण्यानं थंड होणाऱ्या मशीनसाठीचं घ्या, मोटरसायकलचं नको. प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवा: 50:1 असेल तर लिटरला 20 मिलिलिटर.

होडी पावसाळ्यासाठी वर ओढताना टाकी रिकामी करा. पेट्रोलची नळी काढून मशीन गोड्या पाण्यावर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढा. ऑइल न मिसळलेलं, पाणी न शिरलेलं पेट्रोल दुचाकीत वापरता येतं. नारळी पौर्णिमेनंतर मशीन सुरू कराल ते ताज्या पेट्रोलवरच करा.