डेन्मार्कच्या हवामान धोरणामागची पन्नास वर्षं

२०२० मध्ये डेन्मार्कने कायदाच केला: हरितगृह वायूंचं उत्सर्जन २०३० पर्यंत १९९० च्या तुलनेत ७० टक्क्यांनी कमी करायचं. त्याच डिसेंबरात उत्तर समुद्रातल्या तेलशोधाचे नवे परवाने बंद झाले, २०५० नंतर उत्पादनही थांबवायचं ठरलं. तेव्हा युरोपीय संघात सर्वाधिक तेल काढणारा देश हाच होता.

या ठामपणाची सुरुवात हवामानबदलाच्या चर्चेच्या कितीतरी आधीची आहे. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, तेव्हा डेन्मार्कची नव्वद टक्के ऊर्जा आयात तेलावर चालत होती. रविवारी खासगी गाड्यांना बंदी आली. सरकारने अणुऊर्जेचा बेत आखला, पण लोकांचा त्याला कडवा विरोध होता. पश्चिम किनाऱ्याजवळच्या उल्फबोर्गला त्विंद शाळांमधल्या शिक्षकांनी पगारातून पैसे उभे केले आणि स्वयंसेवकांना घेऊन जवळपास तीन वर्षं खपून ५३ मीटर उंचीची पवनचक्की बांधली. पातीसुद्धा त्यांनी तिथेच, हाताने घडवली. १९७८ साली ती फिरू लागली. १९८५ मध्ये, चेर्नोबिलच्या वर्षभर आधी, संसदेने अणुऊर्जा ऊर्जा-आराखड्यातून काढून टाकली.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १९७९ पासून पवनचक्कीच्या खर्चाचा ३० टक्के वाटा सरकार उचलू लागलं, आणि गावकऱ्यांनी सहकारी मंडळ्या काढून पवनचक्क्यांच्या मालकीत वाटा घेतला. दूधसंघ सहकारातून उभे करणाऱ्या या देशाला ती रीत नवी नव्हती. समोरच्या माळावर फिरणारं पातं आपल्या मालकीचं असलं, की त्याला विरोध करायला माणूस सहसा उठत नाही. शेतीच्या गाड्या आणि क्रेन बनवणारी वेस्टास कंपनीही याच काळात पवनचक्क्यांकडे वळली. १९९१ मध्ये विंडेबीजवळ समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जगातला तो पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प.

२००१ मध्ये सत्तेवर आलेल्या अँडर्स फो रासमुसेन यांच्या सरकारने या क्षेत्राची मदत कापली. जमिनीवरच्या नव्या पवनचक्क्या काही वर्षं जवळजवळ थांबल्या. पण तोवर नोकऱ्या आणि निर्यात या उद्योगाशी बांधल्या गेल्या होत्या. २००६ मध्ये त्याच पंतप्रधानांनी जीवाश्म इंधनांपासून मुक्तीचं ध्येय जाहीर केलं. पुढे २०१९ ची निवडणूक तर हवामानाच्याच प्रश्नावर गाजली.

आता खरी कसोटी शेतीत आहे, कारण डुकरं आणि गाईगुरं हा तिथला मोठा धंदा. २०२४ मध्ये पशुधनातून होणाऱ्या उत्सर्जनावर २०३० पासून कर लावायचा समझोता झाला: सुरुवातीला उत्सर्जनाच्या दर टनाला ३०० क्रोनर (डॅनिश चलन), २०३५ मध्ये ७५०. त्यातून ६० टक्के वजावट मिळणार असल्याने शेतकऱ्याच्या खिशाला बसणारी झळ बरीच कमी राहील. ज्यांच्यावर हा कर बसणार, त्या शेतकऱ्यांची संघटनाही समझोत्यात सामील आहे.