एनएफएलच्या निवृत्त खेळाडूंसाठी मेंदूविकार भरपाई : पात्रता, कागदपत्रे आणि दाव्याची प्रक्रिया

अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला वारंवार बसणाऱ्या मारामुळे पुढे जडणाऱ्या मेंदूविकारांबद्दल हजारो निवृत्त खेळाडूंनी एनएफएल या व्यावसायिक लीगविरुद्ध दावे दाखल केले होते. ते फिलाडेल्फिया येथील संघीय न्यायालयात एकत्र करण्यात आले आणि न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी २२ एप्रिल २०१५ रोजी खेळाडू आणि एनएफएल यांच्यातील तडजोडीला अंतिम मंजुरी दिली. अपिले निकाली निघाल्यावर ७ जानेवारी २०१७ पासून ही तडजोड अमलात आली. भरपाई निधीची मुदत ६५ वर्षांची असल्यामुळे आज धडधाकट असलेल्या नोंदणीकृत खेळाडूला अनेक वर्षांनी विकार जडला, तरी त्याला दावा करता येतो.

७ जुलै २०१४ पूर्वी निवृत्त झालेले आणि तडजोडीतून बाहेर न पडलेले खेळाडू यात पात्र आहेत. जुन्या अमेरिकन फुटबॉल लीगचे, तसेच वर्ल्ड लीग आणि एनएफएल युरोपचे खेळाडूही त्यात येतात. खेळाडू हयात नसल्यास किंवा स्वतःचा व्यवहार पाहण्यास असमर्थ असल्यास त्याचा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करतो. पात्र जोडीदार, आईवडील व मुले यांच्यासाठी मिळून भरपाईच्या १ टक्का रक्कम राखलेली आहे. नोंदणीची मुदत ७ ऑगस्ट २०१७ रोजी संपली असून त्यानंतर सबळ कारण दाखवल्यासच विचार होतो.

खेळामुळेच विकार झाला, हे येथे सिद्ध करावे लागत नाही, आणि कुटुंबांच्या दृष्टीने हा या तडजोडीचा सर्वांत मोठा आधार आहे. मात्र निदान ठरलेल्या विकारांपैकीच असावे लागते. मूळ तक्त्यानुसार एएलएस या स्नायूंवरील ताबा हळूहळू घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या विकारासाठी कमाल ५० लाख डॉलर, पार्किन्सन्स आणि अल्झायमरसाठी प्रत्येकी ३५ लाख, मध्यम स्मृतिभ्रंशासाठी ३० लाख आणि सुरुवातीच्या स्मृतिभ्रंशासाठी १५ लाख डॉलर मिळू शकतात. डोक्याला वारंवार मार बसण्याशी जोडल्या जाणाऱ्या सीटीई या मेंदूविकाराचे निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करूनच होते, आणि त्यासाठीची ४० लाखांपर्यंतची भरपाई २२ एप्रिल २०१५ पूर्वी मृत्यू पावलेल्या खेळाडूंपुरतीच आहे. फुटबॉलशी ज्याचे नाव सर्वाधिक जोडले गेले, त्याच विकाराला पुढील काळासाठी वगळणे अनेक कुटुंबांना अन्यायकारक वाटले, आणि ते रास्तच आहे.

या कमाल रकमा ४५ वर्षांखालील निदानासाठी आहेत. निदानाच्या वेळचे वय वाढते तशी रक्कम घटते. पाच किंवा अधिक पात्र हंगाम खेळलेल्यास पूर्ण रक्कम मिळते, तर एकच हंगाम खेळलेल्याच्या रकमेतून ८० टक्के वजा होतात. पात्र हंगाम म्हणजे सर्वसाधारणपणे किमान तीन सामन्यांसाठी संघाच्या सक्रिय यादीत, म्हणजे त्या सामन्यात खेळण्यास उपलब्ध खेळाडूंच्या यादीत असणे.

किमान अर्धा पात्र हंगाम असलेल्यांसाठी मोफत प्राथमिक तपासणीची सोय करण्यात आली. ती न्यूरोसायकॉलॉजिस्ट आणि न्यूरॉलॉजिस्ट मिळून करतात. ७ जानेवारी २०१७ रोजी ज्यांचे वय ४३ पेक्षा कमी होते, त्यांनी ६ जून २०२७ किंवा पंचेचाळिसावा वाढदिवस, यांपैकी जे आधी येईल त्यापूर्वी ती करून घेणे आवश्यक ठरते. ती चुकवली आणि मुदतीनंतर निदान झाले, तर भरपाईतून १० टक्के कापले जातात.

दाव्यासोबत स्वाक्षरी केलेला अर्ज, निदान करणाऱ्या डॉक्टरांचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र, निदानाला आधार देणाऱ्या वैद्यकीय नोंदी, त्या नोंदी पाहण्यासाठीचे संमतीपत्र आणि खेळाडू म्हणून केलेल्या सेवेचा पुरावा जोडावा लागतो. प्रतिनिधीने अर्ज केल्यास त्याच्या नेमणुकीची कागदपत्रेही लागतात. ७ जानेवारी २०१७ नंतरचे निदान योजनेत मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडूनच झालेले असावे. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांचा अहवाल कितीही सविस्तर असला, तरी तेवढ्यावर दावा उभा राहत नाही. निदानापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करणे बंधनकारक आहे.

पूर्वी बौद्धिक चाचण्यांचे गुण खेळाडूच्या वंशानुसार वेगवेगळ्या निकषांवर मोजले जात, त्यामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना स्मृतिभ्रंश सिद्ध करणे अधिक कठीण जाई. न्यायालयाने २०२२ मध्ये वंशनिरपेक्ष निकषांना मंजुरी दिली. त्यामुळे पूर्वी दावा फेटाळला गेलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी आपल्या जुन्या चाचण्यांच्या गुणांची फेरमोजणी झाली आहे का, हे दाव्यांची छाननी करणाऱ्या दावा प्रशासकाकडून खात्रीपूर्वक विचारून घ्यावे.

कागदपत्रांत त्रुटी आढळल्यास प्रशासक नोटीस पाठवतो आणि तिला दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते. निर्णय मान्य नसल्यास अपील करता येते. वैयक्तिक वकिलाच्या शुल्कावर न्यायालयाने भरपाईच्या २२ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि आगाऊ रकमेच्या बदल्यात भरपाईचा हक्क कर्जपुरवठादाराच्या नावे करून देणारे करार या तडजोडीखाली ग्राह्य धरले जात नाहीत.