डीबग की रिलीज, हे ठरतं केव्हा?

एकाच सोर्स कोडची डीबग (चुका शोधण्यासाठी) आणि रिलीज (वापरकर्त्यांना देण्यासाठी) अशी दोन रूपं लागणं ही जुनी गरज आहे. पण स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये मेक हे कोडमधून प्रोग्राम बांधणारं साधन लिहिलं, त्यात कॉन्फिगरेशन, म्हणजे अशा रूपाची निवड, ही कल्पनाच नव्हती. मेक फक्त फाइलींच्या वेळा पाहतं. कंपायलरला दिलेले पर्याय, म्हणजे फ्लॅग, बदलले तरी त्याला पत्ता लागत नाही. मग जुन्या ऑब्जेक्ट फाइली (सोर्स फाइलींपासून कंपाइल झालेले तुकडे) तशाच राहतात आणि एकाच बायनरीत दोन्ही प्रकारचा माल लिंक होतो. म्हणून प्रत्येक रूपाला स्वतंत्र बिल्ड डिरेक्टरी देण्याची पद्धत रुळली.

व्हिज्युअल स्टुडिओ आणि एक्सकोड या प्रोग्राम लिहिण्याच्या संचांची वाट निराळी. तिथे प्रोजेक्ट एकच, कॉन्फिगरेशन अनेक, आणि निवड थेट बिल्ड करताना. किटवेअर या कंपनीने २००० साली सीमेक, म्हणजे अशा साधनांसाठी बिल्डच्या फाइली तयार करून देणारं साधन, सुरू केलं तेव्हा ही दोन्ही जगं सांभाळणं भाग होतं. परिणामी मेकफाइल (मेकची सूचना-फाइल) आणि साध्या निंजासाठी (मेकसारखंच दुसरं बिल्ड साधन) 'सीमेक बिल्ड टाइप' हे व्हेरिएबल कॉन्फिगर करतानाच द्यावं लागतं, तर व्हिज्युअल स्टुडिओत बिल्डच्या कमांडला कॉन्फिग हा पर्याय जोडावा लागतो.

खरी अडचण इथेच आहे. 'बिल्ड टाइप डीबग असेल तर अमुक डेफिनिशन (कंपायलरला दिलेली मॅक्रोची व्याख्या) जोड' अशी इफची ओळ असंख्य प्रोजेक्टांत सापडते. मेकफाइलवर ती बरोबर चालते. व्हिज्युअल स्टुडिओत ते व्हेरिएबल सहसा रिकामंच असतं. अट खोटी ठरते, डेफिनिशन गळतं आणि एररही येत नाही. ही चूक फार छळते. खात्रीचा उपाय म्हणजे जनरेटर एक्स्प्रेशन, म्हणजे सीमेक बिल्डच्या फाइली लिहिताना सोडवतं ते सूत्र, कारण त्याचं मूल्य प्रत्येक कॉन्फिगरेशनसाठी वेगळं काढलं जातं. मेकफाइलकडेही एक खड्डा आहे: बिल्ड टाइप दिलाच नाही तर जीसीसी या कंपायलरला ना डीबग माहितीचा फ्लॅग मिळतो, ना ऑप्टिमायझेशनचा.

२०२० साली आलेल्या सीमेक ३.१७ मध्ये निंजा मल्टी-कॉन्फिग हा जनरेटर (बिल्डच्या फाइली लिहिणारा भाग) मिळाला. एका डिरेक्टरीत डीबग, रिलीज आणि रेलविथडेबइन्फो (डीबग माहितीसह रिलीज) यांच्या वेगवेगळ्या निंजा फाइली तयार होतात. क्रॉस-कॉन्फिग ही सोय चालू केली, तर डीबग बिल्डमध्ये कोड जनरेटर (बिल्डदरम्यान सोर्स कोड तयार करणारा प्रोग्राम) मात्र रिलीजचा वापरता येतो. मोठा कोड जनरेटर डीबगमध्ये फारच हळू चालतो, तेव्हा ही सोय मोलाची ठरते.

जुना प्रोजेक्ट निंजा मल्टी-कॉन्फिगवर आणताना आधी कस्टम कमांड (बिल्डदरम्यान फाइली तयार करणाऱ्या स्वतःच्या कमांड) तपासा. दोन कॉन्फिगरेशनं एकाच मार्गावर फाइल लिहीत असतील तर शेवटचं आधीचं पुसतं. आउटपुटच्या मार्गात कॉन्फिगरेशनचं नाव घालणारं जनरेटर एक्स्प्रेशन सीमेक ३.२० पासून चालतं. त्यानंतर साच्यावरून फाइल बनवणारी कॉन्फिगर फाइल ही कमांड पाहा. ती कॉन्फिगर होताना एकदाच चालते, त्यामुळे बिल्ड टाइप छापलेला हेडर सर्व रूपांना एकच मिळतो. तिथे जनरेटर एक्स्प्रेशन चालणारी फाइल जनरेट ही कमांड वापरा आणि प्रत्येक हेडर आपापल्या फोल्डरमध्ये ठेवून इन्क्लूडचा मार्गही कॉन्फिगरेशननुसार द्या.