कंपनी राहील न राहील, गाडी राहिली पाहिजे

लहान कंपनीची स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

नमस्कार.

आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या दोन दारांच्या, दोन सीटच्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या कंपन्या आज बंद तरी आहेत, नाहीतर कुणी नवा मालक मिळतो का याची वाट पाहत आहेत. ज्यांची कंपनी चालू आहे त्यांनाही बातम्या वाचून घोर लागतो. "कंपनी गेली तर पार्ट कुठनं आणायचा? आत्ताच विकून टाकू का?" असं फोनवर विचारलं जातं. दोन मिनिटांत याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक काढलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. कंपनीचं भवितव्य वेगळं आणि तुमच्या गाडीचं वेगळं. गाडी टिकणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: तिच्यातला कुठला भाग मुळात कुणी बनवला, आणि कंपनी फोन उचलते आहे तोवर मालकाने काय काय मिळवून ठेवलं. घाबरून विकू नका, पण स्वस्थही बसू नका.

कोल्हापूरकरांना याचा दाखला लांब शोधायला नको. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते आणि लहानथोर ती बघायला उभे असतात. मेबॅकने मोटारी बनवणं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थांबवलं आणि युद्धानंतर पुन्हा सुरू केलंच नाही. पुढे २००२ मध्ये मर्सिडीजवाल्या डाइम्लर-क्रायस्लरने ते नाव नव्या गाड्यांना दिलं, पण त्या गाड्यांचा या गाडीशी पार्टापुरताही संबंध नाही. तरी आपली मेबॅक स्वतःच्या चाकांवर येते. सांभाळणाऱ्यांनी ती सांभाळली, एवढंच त्याचं कारण.

लहान कंपन्या डगमगतात कशामुळे

गाडी चांगली नसते म्हणून कंपनी बुडते, असं फार क्वचित घडतं. खरं ओझं असतं नियमांच्या खर्चाचं. क्रॅश टेस्ट, धुराची चाचणी, एअरबॅग, इलेक्ट्रॉनिक्स यांचा खर्च लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या एकेका गाडीवर किरकोळ पडतो. वर्षाला काहीशे गाड्या करणाऱ्याच्या मात्र तो मुळावर येतो. इंग्लंडच्या लोटस कंपनीच्या एलिस या गाडीचंच बघा. नव्या पद्धतीच्या एअरबॅगसाठी अमेरिकेत मिळालेली सवलत संपली आणि २०११ नंतर ती गाडी तिथे रस्त्यासाठी विकता आली नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे कडक नियम आले, तेव्हा दुसऱ्याचं जुनं इंजिन बसवून गाडी बनवायची वाट लहान उत्पादकांना जवळपास बंदच झाली.

दुसरं कारण इंजिनाचं. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या गाडीचं पुढचं आयुष्य यावरच ओळखता येतं.

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची टीव्हीआर ही कंपनी १९४७ ची. नव्वदच्या दशकातल्या तिच्या ग्रिफिथ आणि शिमेरा या गाड्यांमध्ये रोव्हरचं व्ही ८ इंजिन होतं. तेच इंजिन रेंज रोव्हरमध्ये आणि कितीतरी इतर गाड्यांमध्ये होतं. पुढे टीव्हीआरने स्वतःचं इंजिन करायचं ठरवलं. त्यांचं स्पीड सिक्स हे सहा सिलिंडरचं इंजिन चालायला अफाट होतं, पण सुरुवातीच्या इंजिनांच्या वॉरंटीच्या दुरुस्त्यांनी कंपनीला जेरीस आणलं. २००४ मध्ये कंपनी निकोलाय स्मोलेन्स्की या रशियन तरुणाने विकत घेतली आणि २००६ मध्ये ब्लॅकपूलचं उत्पादन थांबलं. आज त्या रोव्हर व्ही ८ चे पार्ट सहज मिळतात. स्पीड सिक्सचं काम मात्र मोजक्या जाणकारांकडेच न्यावं लागतं. कंपनी एकच, बंदही एकदाच पडली, पण तिच्या दोन गाड्यांच्या मालकांचं नशीब वेगवेगळं निघालं.

डेलोरियनची गोष्ट याहून बोलकी आहे. बेलफास्टजवळच्या डनमरीत १९८१ आणि १९८२ मध्ये सुमारे ९,००० गाड्या झाल्या आणि कारखाना बुडाला. पण इंजिन होतं पूजो, रेनॉ आणि व्होल्वो या तिघांनी मिळून केलेलं व्ही ६. शिवाय कारखान्यात पडून राहिलेला पार्टांचा साठा भंगारात न जाता शेवटी अमेरिकेत टेक्ससला पोचला आणि तिथून आजही विकला जातो. एवढ्या गाजावाजात बुडालेल्या कंपनीची गाडी चाळीस वर्षांनंतरही नीट चालवता येते.

याच्या उलट फिस्कर. ही अमेरिकन कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची ओशन ही इलेक्ट्रिक गाडी अगदी नवी होती, पण ती कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आणि सर्व्हरवर अवलंबून होती. मालकांना संघटना काढून ते सगळं स्वतः उभं करायला धडपडावं लागलं. लोखंडाचा पार्ट कोल्हापुरात ओतता येतो, सर्व्हर ओतता येत नाही. म्हणून गाडी जितकी नवी आणि जितकी सॉफ्टवेअरवाली, तितकी कंपनीची तब्येत जास्त बारकाईने बघा.

तुमची गाडी यात कुठे बसते

अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर असेल तर आत इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आहे, कॉन्टेसा क्लासिकमधल्या इसुझुच्याच घराण्यातलं. कॉन्टेसाचं काम हाताखालून गेलेले मेस्त्री आपल्या भागात अजून आहेत. सॅन स्टॉर्मला फायबरची बॉडी आणि रेनॉचं ११४९ सीसीचं छोटं इंजिन. पार्ट शोधायला वेळ लागतो, पण युरोपात हे इंजिन साध्या घरगुती गाड्यांमध्ये होतं, त्यामुळे वाट बंद झालेली नाही. एलिस असेल तर कुठल्या वर्षाची ते बघावं लागतं: पहिल्या मालिकेत रोव्हरचं के सिरीज इंजिन, नंतरच्या बहुतेक गाड्यांत टोयोटाचं. टोयोटावाल्यांनी इंजिनाची चिंता करू नये. त्यांची खरी चिंता चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. ती ॲल्युमिनियमचे भाग गोंदाने चिकटवून केलेली असते आणि आदळली तर वेल्डिंग करून सरळ होत नाही. "लावून देतो एक टाका" म्हणणारा कुणी भेटला तर गाडी तिथून बाहेर काढा.

लोटसविषयी हल्ली सगळ्यात जास्त विचारलं जातं. २०१७ पासून बहुसंख्य हिस्सा चीनच्या जीलीकडे आहे, आणि २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव कंपनीनेच जाहीर केला. पुढे काय होईल यावर आम्ही पैज लावणार नाही. पण आमच्या मते हा पार्ट आत्ता घेऊन ठेवण्याचा काळ आहे, गाडी विकण्याचा नव्हे.

कंपनी उभी आहे तोवर करायची कामं

पहिलं काम पैशाचं नाही, कागदाचं आहे. गाडीचा चॅसी नंबर देऊन कंपनीकडून बिल्ड शीट मागवा, म्हणजे त्या गाडीत नेमकं काय बसवलं याची यादी. वायरिंगचा आराखडा, वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्टांचे मूळ नंबर मागा. बऱ्याचदा कंपनीच्या पुडीवर कंपनीचा नंबर असतो आणि आतल्या पार्टावर फोर्डचा, रेनॉचा किंवा बॉशचा. तो आतला नंबर हाती असला की पार्ट निम्म्या वाटेने सापडला म्हणा. कंपनी बंद झाल्यावर ही माहिती सांगणारी माणसं पांगतात.

मग काच. विंडस्क्रीन त्या एकाच गाडीच्या वळणाची असते आणि एक तयार करून द्यायला कुणी बसत नाही. एक जादा काच घेऊन लाकडी चौकटीत उभी ठेवा, आडवी नको. दिव्यांची भिंगं, दारांची रबरं आणि कंपनीची खास चावी किंवा इमोबिलायझर (चोराला इंजिन चालू करू न देणारं यंत्र) यांनाही हेच लागू.

आपल्याकडच्या पावसाचंही बोललं पाहिजे. फायबरला गंज लागत नाही म्हणून मालक निर्धास्त असतात, आणि नेमकी तीच बॉडी खालच्या लोखंडी पाइपांचा गंज झाकून ठेवते. टीव्हीआरच्या चॅसीचे बाजूचे पाइप याच कारणाने कुजतात, हे त्या गाड्यांचं जुनं दुखणं आहे. पावसाळा संपला की गाडी लिफ्टवर घ्या, जोड उघडे करा, गंज खरवडून रंग द्या. चॅसी वेळेवर धरली तर आपल्याकडचा कुठलाही चांगला वेल्डर ती वाचवतो. उशीर झाला की बॉडी उतरवावी लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

तसंच पेट्रोलचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या गाडीचे होज आणि कार्ब्युरेटरची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत, आणि कंपनीच नसेल तर चालेल की नाही हे सांगणारंही कुणी नाही. आतून फ्लुरो रबरचं अस्तर असलेला होज बसवून घ्या. इंजिनाच्या गरम बाजूला पेट्रोल ठिबकलं तर फायबरची गाडी वाचवायला वेळ मिळत नाही. या एका कामात चालढकल करू नका, ही हात जोडून विनंती.

विमा आणि आरटीओ

विम्यात गाडीची किंमत वयाप्रमाणे ठरलेल्या टक्क्यांनी कमी होत जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फार जणांना ठाऊक नसतं ते हे: पाच वर्षांवरची गाडी असेल किंवा कंपनीने ते मॉडेल बनवणं बंद केलं असेल, तर किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात बोलून ठरवायची असते. म्हणजे बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे. एजंटने संगणकातून काढलेला आकडा तसाच मान्य करू नका. फोटो, बिलं आणि व्हॅल्युअरचा दाखला पुढे ठेवा. आणखी एक बाब. दाव्याच्या वेळी फायबरच्या भागांवर ३० टक्के आणि रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापला जातो. बॉडीच फायबरची असेल तर हा आकडा मोठा होतो, म्हणून शून्य घसाऱ्याची जोड (झिरो डेप) मिळत असेल तर घ्या.

कंपनी गेली म्हणून दुसरं इंजिन बसवावं, असं काहींच्या मनात येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीत असा बदल परस्पर करता येत नाही. आधी आरटीओची मंजुरी आणि नंतर आरसीवर नोंद, हा क्रम सोडून आमच्याकडे इंजिन बदललं जाणार नाही. विना नोंदीच्या गाडीला अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

नवी गाडी बुक करताना

लहान कंपनीची गाडी घ्यावी, जरूर घ्यावी. अशा गाड्या घेणारे आहेत म्हणूनच त्या बनवणारे तग धरून आहेत. पण आगाऊ रक्कम बेताची द्या. टीव्हीआरची नवी ग्रिफिथ २०१७ मध्ये दाखवली गेली, ५,००० पौंड भरून लोकांनी नावं लावली, आणि कित्येक वर्षं लोटली तरी त्यांच्या दारात गाडी आली नाही. भारतातली कंपनी २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली गेली, तर प्रक्रिया चालू असेपर्यंत तिच्यावर वेगळा दावा लावता येत नाही. जाहीर नोटिशीतल्या मुदतीत आपली मागणी पावत्यांसह दाखल करावी लागते, आणि तारण असलेल्या बँका तुमच्या पुढे उभ्या असतात. म्हणून रोख नको, पावती पक्की हवी, आणि किती महिन्यांत गाडी न दिल्यास पैसे परत, हे लेखी हवं.

आम्ही काय बनवून देतो, काय नाही

ब्रॅकेट, पुली, वॉटर पंपाची बॉडी, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, बुश, इंजिन माउंटिंग ही कामं आम्ही घेतो. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना, आम्ही इथे करतो, ओतकाम शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आणि मशिनिंग पुन्हा उद्यमनगरात. म्हादबा मेस्त्रींच्या काळापासून या गावाला नमुना बघून पार्ट उभा करायची सवय आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण झिजलेला नमुना दिला तर झिजलेलाच पार्ट तयार होतो. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, नव्या डिस्कची जाडी लिहिलेली नसते. शिवाय लोखंड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, आणि तो हिशेब पॅटर्नमध्ये धरावा लागतो. म्हणून नवा पार्ट हातात येईल तेव्हा बसवण्याआधी आमच्याकडे मोजून घ्या. मापाचे पैसे आम्ही घेत नाही. ड्रॉइंग काढून एक प्रत तुम्हाला देतो.

ब्रेक डिस्क आम्ही नव्या मापाचं ड्रॉइंग असेल तरच करतो, आणि फाउंड्रीचा धातूचा व कडकपणाचा दाखला सोबत देतो. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंगच्या आतले भाग आणि सस्पेन्शनचे आर्म आम्ही बनवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. त्यांची चाचणी घ्यायची सोय आमच्याकडे नाही आणि तुमच्या जिवापुढे आम्हाला कुठलंही काम मोठं नाही.

एकाच कास्टिंगसाठी पॅटर्नचा खर्च जड जातो. सांगली, इचलकरंजी, बेळगाव, पुण्याकडे तुमच्यासारखीच गाडी असलेले मालक असतील तर त्यांना सोबत घ्या. मिळून लॉट काढला की पॅटर्नचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. तो पॅटर्न ज्यांनी पैसे दिले त्यांच्या मालकीचा राहतो. आम्ही त्यावर नावं आणि गाडीचा तपशील लिहून ठेवतो, आणि तुम्हाला तो दुसऱ्या वर्कशॉपला न्यायचा असेल तर पावतीवर सही करून घेऊन जाता येतो.