वाढ थांबलेला गर्भ आणि गोळ्यांचा गुण

गर्भाची वाढ थांबली की क्युरेटिंग करून पिशवी साफ करायची, हा विसाव्या शतकात बहुतेक ठिकाणचा ठरलेला उपाय होता. त्याला गोळ्यांचा पर्याय आला तो आडवाटेने. मिसोप्रोस्टॉल हे औषध अमेरिकेतल्या सर्ल कंपनीने १९७३ मध्ये तयार केले ते जठरातल्या अल्सरसाठी. त्याने गर्भाशयाचे तोंड मऊ होते आणि कळा सुरू होतात. ब्राझीलमध्ये १९८६ पासून ते औषध दुकानांत मिळू लागले, आणि त्याचा हा दुसरा गुण तिथल्या बायकांनी डॉक्टरांच्या आधी ओळखला.

दुसरे औषध मिफेप्रिस्टोन. फ्रान्सच्या रूसेल-उक्लाफ कंपनीत १९८० मध्ये ते तयार झाले आणि १९८८ मध्ये तिथे मंजूर झाले. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे काम ते अडवते. पण गर्भ आधीच थांबला असेल तर प्रोजेस्टेरॉन तसेही उतरलेले असते, मग हे महागडे औषध कशाला, असा तर्क बराच काळ चालला. त्यामुळे अशा बायकांना बहुतेक ठिकाणी एकटे मिसोप्रोस्टॉलच मिळत राहिले.

त्याचा गुण किती, याचे ठोस उत्तर २००५ मध्ये अमेरिकेतल्या ६५२ स्त्रियांच्या अभ्यासातून आले. योनीमार्गे ८०० मायक्रोग्रॅम दिल्यावर तिसऱ्या दिवसापर्यंत ७१ टक्के जणींची पिशवी पूर्ण रिकामी झाली. गरज पडली तिथे दुसरी मात्रा दिली, आणि आठव्या दिवसापर्यंत हा आकडा ८४ वर गेला. म्हणजे तपासणी कधी केली यावरच 'गोळ्या लागू पडल्या नाहीत' हा निकाल पुष्कळदा ठरतो. घाईने सोनोग्राफी करून क्युरेटिंगला नेलेल्या काही जणींना आणखी थोडे दिवस पुरले असते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. गर्भपात आधीच सुरू झालेला किंवा अर्धवट झालेला असेल तर यश ९३ टक्के, गर्भ दिसून मग थांबलेला असेल तर ८८, आणि गर्भाभोवतीचे आवरण बनले पण त्यात गर्भ तयारच झाला नसेल तर ८१. पुढे याच माहितीची फोड केल्यावर दिसले, की आदल्या चोवीस तासांत ओटीपोटात दुखत असेल किंवा रक्तस्राव झाला असेल, किंवा आधी बाळंतपण झालेले नसेल, तर गोळ्या जास्त लागू पडतात. आरएच निगेटिव्ह रक्तगटाचाही संबंध दिसला. थोडक्यात, शरीराने स्वतः सुरुवात केली असेल तर औषध तिला जोर देते. सोनोग्राफी नव्हती तेव्हा गर्भ थांबल्याचे बहुधा रक्तस्रावानेच कळे. आता ते काहीच त्रास नसताना नेहमीच्या तपासणीत कळते, म्हणजे नेमक्या त्या टप्प्यावर, जिथे एकटे मिसोप्रोस्टॉल कमी पडते. गोळ्यांनी काम झाले नाही म्हणून 'माझ्याच शरीरात काही खोट आहे' असे एकाही बाईने मनाला लावून घेऊ नये.

प्रोजेस्टेरॉनचा जुना तर्क अखेर २०१८ मध्ये मोडला. ३०० स्त्रियांच्या अभ्यासात आदल्या दिवशी २०० मिलिग्रॅम मिफेप्रिस्टोन दिलेल्यांत पहिल्या तपासणीपर्यंत सुमारे ८४ टक्के यश आले, एकट्या मिसोप्रोस्टॉलने ६७. ब्रिटनमधल्या २०२० च्या मोठ्या अभ्यासात फरक कमी होता, पण कौल तोच. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आधी मिफेप्रिस्टोन देण्याचा बदल आला.

गोळीचा स्वतःचाही प्रश्न असतो. मिसोप्रोस्टॉलला ओल मुळीच चालत नाही. वेष्टन साधे असेल किंवा पट्टी फाटलेली असेल, तर दमट हवेत गोळीतले औषध हळूहळू नासते. दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचे पाकीट म्हणूनच बरे. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे पाहून घ्यायलाच हवे.

भारतात गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये आणि दोन्ही औषधांच्या एकत्रित पाकिटाला २००८ मध्ये मंजुरी मिळाली. मिफेप्रिस्टोनची एक गोळी २०० मिलिग्रॅमची आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे २०१८ च्या अभ्यासातलीच मात्रा. पण २०१२ मध्ये लिंगनिवडीविरुद्धच्या मोहिमेत महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने औषध दुकानांची कडक तपासणी सुरू केली, आणि अनेक दुकानदारांनी ही पाकिटे ठेवणेच सोडून दिले. लिंगनिवड ज्या आठवड्यांत होते, त्यांच्या कितीतरी आधीच्या या गोळ्या. त्याचा भुर्दंड हव्याहव्याशा बाळाचे ठोके थांबलेल्या बाईलाही बसतो. तिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते आणि ती एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरत राहते.